चार पानं, तीन हजार दारं

परिसराचं फुकट वृत्तपत्र काढायचं मनात आलं की माणूस आधी नाव शोधतो, मग संपादकीय लिहितो, मग मित्राच्या पुतण्याकडून मास्टहेड, म्हणजे पहिल्या पानावरची नावाची पट्टी, करून घेतो. आम्हीही तेच केलं. पहिला अंक छापून दारात आला तेव्हा "हे वाटणार कोण?" हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, आणि तोही टेम्पोवाल्याने. तीन हजार प्रती डोंबिवली पूर्वेच्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, दिवाणाखाली आणि स्वयंपाकघराच्या दारामागे आठवडाभर पडून होत्या. पुढच्या महिन्यात वाटायला माणूस ठेवला. दहा दिवसांनी घरची रद्दी द्यायला गेलो तर काट्याशेजारी आमचेच गठ्ठे, सुतळीसुद्धा न सोडलेले. रद्दीवाला कौतुकाने म्हणाला, "साहेब, कागद चांगलाय तुमचा."

म्हणून ही कृती उलट बाजूने सांगतो. दारापासून सुरुवात करायची आणि छापखान्यापर्यंत जायचं.

दारं मोजा

एका रविवारी सकाळी वही घेऊन निघा. अंकाची हद्द गुगलच्या नकाशावर आखू नका, पायांनी आखा. माणूस भाजीला, दळणाला, मुलाला शाळेत सोडायला जिथवर चालत जातो तिथवरच्या बातमीत त्याला रस असतो. रेल्वेचे रूळ, नाला, हायवे यांच्यापलीकडे तो संपतो. डोंबिवलीत पूर्वेच्या माणसाला पश्चिमेचा खड्डा परगावचा वाटतो.

हद्द ठरली की प्रत्येक इमारतीपुढे चार गोष्टी लिहा. दारं किती? लिफ्ट आहे का? टपालपेट्या तळमजल्यावर आहेत का, आणि असल्या तर त्यांना झाकणं उरलीत का? वॉचमन आत सोडतो का? कुलूपबंद घरं वजा करा. एखाद्या जुन्या चाळवजा इमारतीत सोळा दारं असतात आणि सोळाही घरं अंक वाचतात. समोरच्या टॉवरमध्ये एकशे वीस दारं असतात आणि अंक गेटवरच्या टेबलावर पडून राहतो. ही वही पुढे कायम जवळ लागते. जाहिरातदारालाही हीच दाखवायची. "आम्ही तीस हजार लोकांपर्यंत पोचतो" असं सगळेच सांगतात. "पाण्याच्या टाकीपासून शाळेपर्यंत ६४ इमारती, या घ्या नावानिशी" असं म्हटलं की दुकानदार चष्मा लावतो.

सुरुवातीला दोन-तीन हजार दारं पुरे. एवढ्याशा भागात दर महिन्याला बातम्या कुठून मिळणार, ही भीती खोटी आहे. चेन्नईत व्हिन्सेंट डिसूझा यांनी १९९४ मध्ये 'मायलापूर टाइम्स' काढला, तो त्या एका पेठेपुरता आणि फुकट. देवळाभोवतीचे रस्ते, तिथल्या शाळा, सभा, दुकानं हाच त्याचा देश. जानेवारीतल्या मायलापूर महोत्सवात देवळाजवळच्या रस्त्यावरच कोलमची, म्हणजे तिकडच्या रांगोळीची, स्पर्धा भरते. पेठ लहान असली की बातमीतला माणूस ओळखीचा निघतो आणि अंक वाचला जातो.

वाटणारा माणूस आधी, संपादक नंतर

वाटपाचे तीन मार्ग आहेत आणि तिन्ही थोडे थोडे वापरावे लागतात.

पहिला मार्ग पेपरवाल्याचा. पहाटे स्टेशनबाहेर गठ्ठे उतरतात, पुरवण्या भरल्या जातात, त्यातच आपला अंक पत्रकासारखा आत टाकून द्यायचा. दर शेकड्यावर ठरतो. त्याच्याशी बोलायला पहाटे पाचला जाऊ नका, तेव्हा तो कुणाचाच नसतो. साडेआठला, फेरी संपवून तो चहाला टेकतो तेव्हा भेटा. या मार्गाची अडचण एकच: जी घरं पेपर घेतात तिथेच अंक जातो, आणि अशी घरं दरवर्षी कमी होताहेत.

दुसरा मार्ग आपली माणसं. कॉलेजची मुलं घ्या, पण त्यांच्याबरोबर एखादे निवृत्त गृहस्थही घ्या. इमारतींचे सचिव त्यांच्याच वयाचे असतात आणि वॉचमन त्यांना अडवत नाही. पैसे प्रतींवर देऊ नका, इमारतींवर द्या. प्रतींवर दिले की गठ्ठा रद्दीत जातो, हे मी काट्याशेजारी उभं राहून शिकलो. प्रत्येक गठ्ठ्यावर इमारतीचं नाव आणि प्रतींची संख्या स्केचपेनने लिहा. संध्याकाळी वहीतल्या कुठल्याही दहा घरांना फोन करून "अंक मिळाला का हो?" एवढंच विचारा. दहापैकी सात घरं "हो" म्हणाली तर मार्ग चालू ठेवा.

वाटणाऱ्याला दोन सूचना लेखी द्या. अंक सेफ्टी डोअरच्या खालून आत सरकवायचा. आणि बंद घराच्या ग्रिलला तो लटकवायचा नाही, कारण तीन दिवस लटकणारा कागद म्हणजे घरात कुणी नसल्याची पाटी असते.

तिसरा मार्ग काउंटरचा. पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, केशकर्तनालय, वाचनालय, दवाखान्यातलं बाकडं. जिथे माणसाला दहा मिनिटं थांबावंच लागतं तिथे अंक ठेवायचा. किराणा दुकानात ठेवू नका, तिथे त्यात खोबरं बांधून जातं.

पैसे

२० गुणिले ३० इंचाचा कागद मधोमध कापला आणि घडी घातली की १० गुणिले १५ इंचांची चार पानं मिळतात. चार कॉलम, कॉलमची उंची समास सोडून ३५ सेंटिमीटर. म्हणजे पानाला १४० आणि अंकाला ५६० कॉलम सेंटिमीटर. त्यातले ४० टक्के जाहिरातीला ठेवा, म्हणजे २२४. महिन्याचा सगळा खर्च, म्हणजे कागद, छपाई, मांडणी, वाटप, टेम्पो, चहा, एका बाजूला लिहा आणि २२४ ने भागा. समजा खर्च २८ हजार आला, तर दर पडला कॉलम सेंटिमीटरला १२५ रुपये. दोन कॉलम रुंद, पाच सेंटिमीटर उंच चौकट, जी साधारण व्हिजिटिंग कार्डाएवढी असते, ती १,२५० रुपयांना. दरपत्रक असं खालून वर तयार होतं. शेजारच्या दैनिकाचा दर बघून आपला ठरवू नका. सगळी जागा दर महिन्याला विकली जात नाही, तेव्हा दर त्याहून थोडा चढाच ठेवा.

ही व्हिजिटिंग कार्डाएवढी चौकट हाच धंद्याचा कणा आहे. पोळीभाजी केंद्र, चष्म्याचं दुकान, हार्मोनियमचा क्लास, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर. असे वीस-बावीस जण जमले की अंक सुटतो. एका बिल्डरची पानभर जाहिरात मिळाली की फार सोपं वाटतं, आणि सहा महिन्यांत त्याच्या इमारतीबाहेरच्या राडारोड्याची बातमी देताना हात थरथरतो. एका जाहिरातदाराला चौथ्या हिश्श्याहून जास्त जागा नाही, असा नियम पहिल्या दिवशीच करा. एकाच जातीच्या उत्पन्नावर राहणंही तितकंच वाईट. न्यूयॉर्कचं 'व्हिलेज व्हॉइस' १९५५ मध्ये सुरू झालं, १९९६ मध्ये फुकट झालं, छोट्या जाहिराती इंटरनेटने नेल्या आणि २०१७ मध्ये छापील साप्ताहिक थांबलं. आपलं काय एवढं मोठं नाही, पण गणित तेच.

पैसे आगाऊ घ्या. तीन अंकांचे एकदम दिले तर थोडी सूट द्या. "अंक आला की बघू" म्हणणाऱ्याला अंक आल्यावर दुकानाच्या मागच्या दारातून जाताना आम्ही पाहिलं आहे.

कुठल्या जाहिराती घ्यायच्या नाहीत, तेही ठाऊक हवं. डॉक्टरांना आपल्या कौशल्याची जाहिरात करता येत नाही. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, रजेवर गेले, परत आले, एवढं निवेदन चालतं, आणि परिसरातल्या लोकांना नेमकं तेच हवं असतं. मधुमेह मुळासकट घालवणारे, उंची वाढवणारे, मूल होण्याची हमी देणारे यांना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, चौकट कितीही मोठी असो. गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक हवा, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या 'हितचिंतकां'कडून काहीही छापायला घेऊ नका.

नाव आणि नोंदणी

फुकट वाटलं म्हणून नोंदणी चुकत नाही. सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य ठरावीक काळाने छापलं की ते नियतकालिक झालं. १८६७ चा जुना कायदा जाऊन 'प्रेस व नियतकालिके नोंदणी कायदा, २०२३' आला आणि १ मार्च २०२४ पासून तो लागू आहे. आता अर्ज 'प्रेस सेवा पोर्टल'वर ऑनलाइन होतो. नाव आणि नोंदणी एकाच अर्जात मागता येते. पूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात घोषणापत्रासाठी बाकावर बसून अर्धा दिवस जायचा, तो वाचला.

नावासाठी एकाहून अधिक पर्याय तयार ठेवा. मराठीत देशात कुठेही, किंवा महाराष्ट्रात कुठल्याही भाषेत, तसंच किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं नाव आधी असेल तर ते मिळत नाही. 'वार्ता', 'टाइम्स', 'समाचार' यांच्या मागेपुढे जे काही लावता येईल ते बहुतेक सगळं लावून झालेलं आहे. आपल्या भागातली जुनी विहीर, टेकडी, बंद पडलेला कारखाना, कुणीच वापरत नसलेलं पण सगळ्यांना ठाऊक असलेलं चौकाचं नाव, यांत शोधा. नाव मंजूर होईपर्यंत मास्टहेड करायला टाकू नका. पुतण्या दुखावतो.

प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि छपाईचं व प्रकाशनाचं ठिकाण हवं. शेवटच्या पानाच्या तळाशी ती बारीक ओळ असते ना, तीच. आमच्या पाचव्या अंकात ती जाहिरातीखाली झाकली गेली आणि महिनाभर झोप उडाली. वर्षातून एकदा वार्षिक विवरण भरायचं असतं, त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा.

मजकूर

महिन्याच्या सुरुवातीला आपल्या वहीत बारा माणसं हवीत, ज्यांना फोन केला की काहीतरी कळतं. नगरसेवक त्यांत असला तर असो, पण वीज कंपनीचा लाइनमन, शाळेचा शिपाई, पोस्टमन, ग्रंथपाल, रिक्षा स्टँडवरचा सगळ्यात बोलका माणूस आणि इस्त्रीवाला हवेतच. कुठल्या इमारतीचं पुनर्विकासाचं ठरलं हे इस्त्रीवाल्याला सचिवाच्या आधी कळतं, कारण मीटिंगसाठी शर्ट त्याच्याकडे येतात.

महापालिकेकडून बातमी हवी असेल तर 'सूत्रांकडून समजते' सोडा आणि माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, महाराष्ट्रात दीडशे शब्दांची मर्यादा, आणि तीस दिवसांत उत्तर. मासिकाला ही मुदत फार सोयीची आहे. या अंकाचा मजकूर बंद झाला त्या दिवशी अर्ज टाकला की पुढच्या अंकाची पहिली बातमी बहुधा हातात असते. प्रश्न लहान विचारा. 'आमच्या भागातील विकासकामांची माहिती द्यावी' असं विचारलं तर काहीही मिळत नाही. 'अमुक रस्त्यावरचे किती पथदिवे सध्या बंद आहेत, आणि शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला झाली' असं विचारलं की आकडा मिळतो. 'केसरी'च्या उद्देशपत्रिकेत वर्तमानपत्राच्या लेखणीची तुलना रस्त्यावरच्या दिव्यांशी केली होती. आपलं काम त्याहून साधं आहे, खरोखरच्या दिव्यांचं.

चालताना झाडांकडेही बघा. तोडायच्या झाडावर नोटीस डकवलेली असते आणि हरकतीची मुदत त्यात छापलेली असते. मुदत अंकाच्या तारखेआधी संपत असेल तर अंकाची वाट न बघता व्हॉट्सॲपवर टाका. बातमी आपल्याच अंकात आधी यावी, हा हट्ट दैनिकांना शोभतो.

आणि आता कार्यक्रमांची वृत्तं. परिसरपत्राचा निम्मा मजकूर मंडळं, शाळा, ज्येष्ठ नागरिक संघ आणि महिला मंडळं स्वतःच पाठवतात. तो साधारण असा असतो:

'दि. १२ रोजी सायंकाळी ठीक ६ वाजता मंडळाच्या सभागृहात मान्यवरांच्या उपस्थितीत कोजागरीचा कार्यक्रम मोठ्या उत्साहात व खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न झाला. प्रास्ताविक सचिवांनी केले. सूत्रसंचालन सहसचिवांनी केले. आभारप्रदर्शन खजिनदारांनी केले. अल्पोपहाराने कार्यक्रमाची सांगता झाली.'

हे जसंच्या तसं छापलं तर ते सचिव, सहसचिव आणि खजिनदार एवढेच तिघे वाचतील. पाठवणाऱ्या बाईंना फोन करा आणि एकच विचारा, "काकू, त्या दिवशी घरी गेल्यावर तुम्ही काकांना काय सांगितलंत?" आम्हाला मिळालेलं उत्तर असं होतं: ऐन वेळी पाऊस आला, गच्चीवरून बासुंदीचं पातेलं चौघींनी जिन्यातून खाली आणलं, आणि लाइट गेल्यावर एक आजी अंधारात सगळी भोंडल्याची गाणी पाठ म्हणत बसल्या. पन्नास शब्दांत एवढंच छापलं. उपस्थितांची नावं शेवटी एका ओळीत, आडनावासकट, कारण त्या नावांसाठीच अंक जपून ठेवला जातो. 'संपन्न', 'मान्यवर' आणि 'मोठ्या उत्साहात' हे तीन शब्द मी आमच्या अंकात बंद केले आहेत. पहिल्या वर्षी त्यावरून दोन मंडळं रुसली, तिसऱ्या वर्षी परत आली.

पान तीनवर महिन्याचं वेळापत्रक द्या आणि ते कापून फ्रिजला लावता येईल असं चौकटीत द्या. नाट्यगृहातले प्रयोग, व्याख्यानमाला, वाचनालयाची सुट्टी, लसीकरण, पाणी बंद असण्याचे वार. लंडनचं 'टाइम आउट' १९६८ मध्ये टोनी एलियट यांनी सुरू केलं तेही मुळात कुठे काय चाललंय याची यादी म्हणूनच. त्यावर जगभरच्या शहरांतल्या आवृत्त्या उभ्या राहिल्या, आणि लंडनचा अंक २०१२ मध्ये फुकट झाला. यादीत नाटकाची वेळ चुकली तर अग्रलेख कितीही चांगला असो, वाचक पुढच्या महिन्यात यादीच बघत नाही. म्हणून प्रत्येक वेळ आयोजकाला फोन करून तपासायची, मेसेजवर भरवसा ठेवायचा नाही.

कुणाविरुद्ध काही छापत असाल तर त्याला आधी विचारा, आणि विचारल्याची तारीख-वेळ वहीत लिहा. अब्रुनुकसानीचं कलम नव्या भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. चार पानी अंकालाही ते लागतं. पार्किंगच्या भांडणात नाव छापण्याची तर गरजच नसते, इमारत सांगितली की सगळ्यांना कळतं.

पान लावणं आणि प्रूफ

मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये येतो. डीटीपीवाला जुन्या फॉन्टवर काम करत असेल तर तो कन्व्हर्टरमधून काढतो आणि तिथे अक्षरांचा अपघात होतो. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: रफार, 'दुसऱ्या'तला र, 'ॲ', आणि जोडाक्षराच्या मागची पहिली वेलांटी. इनडिझाइनमध्ये थेट युनिकोड घेत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडा, नाहीतर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते आणि 'किती'चं भलतंच काहीतरी होतं.

फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. नुसता फोटो पाठवला की व्हॉट्सॲप त्याचा आकार इतका घटवतं की छापल्यावर चेहऱ्यांची खिचडी होते. व्यासपीठावरच्या अकरा जणांचा फोटो नको. दोन माणसांचा, काहीतरी करतानाचा द्या. छपाईत शाई पसरते आणि फोटो गडद होतो, म्हणून स्क्रीनवर बरा दिसतो त्याहून थोडा उजळ ठेवा. मजकुराचा काळा रंग नुसता काळाच ठेवा, चार रंगांचा मिसळून केलेला नको. एखादी प्लेट केसभर हलली तर अकरा पॉइंटाचं अक्षर दुहेरी दिसतं.

प्रूफ कागदावर काढा आणि तीन वेळा वाचा, तिन्ही वेळा वेगवेगळं बघत. पहिल्यांदा फक्त नावं. दुसऱ्यांदा फक्त आकडे, म्हणजे तारीख, वार, वेळ, फोन. ८ तारखेला खरंच शनिवार आहे ना ते कॅलेंडर उघडून बघा, आणि जाहिरातीतला प्रत्येक फोन नंबर लावून बघा. तिसऱ्यांदा बाकीचं सगळं. मुद्रितशोधनाची सवय असलेली निवृत्त शिक्षिका प्रत्येक परिसरात असते. त्यांना शोधून काढा, आणि त्या जे सांगतील त्यावर वाद घालू नका.

हे का सांगतो ते ऐका. आमच्या अकराव्या अंकात एका निधनवार्तेत मोठ्या भावाऐवजी धाकट्याच्या नावामागे 'कै.' लागलं. अंक रविवारी सकाळी गेला. साडेदहाला बेल वाजली. दारात स्वतः ते गृहस्थ, हातात अंक, घडी नेमकी त्याच जागेवर घातलेली. मी "काका, आत या" म्हटलं, पुढे काय म्हणावं सुचेना. ते आत येऊन खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "कै. काढता येईल का रे? पेन्शनच्या ऑफिसात कुणी वाचलं तर घोटाळा होईल." पुढच्या अंकात पहिल्या पानावर, मूळ बातमीएवढ्याच अक्षरात दुरुस्ती छापली. त्यांनी त्याच्या चार प्रती मागून नेल्या. दुरुस्ती नेहमी अशीच छापा, चूक जेवढ्या अक्षरात होती तेवढ्याच अक्षरात.

छापखाना

दोन-तीन हजार प्रतींसाठी वेब ऑफसेटच्या मागे लागू नका. ते मशीन रंग जुळेपर्यंतच पुष्कळ कागद खातं आणि तुमचा अंक दैनिकांच्या कामांमध्ये कुठेतरी रात्री अडीचला घेतात. साध्या शीटवाल्या ऑफसेटवर जा. चारही पानं एकाच प्लेटवर बसवतात, कागदाच्या एका बाजूला छापून तोच उलटून दुसऱ्या बाजूला पुन्हा छापतात आणि मधोमध कापतात, की एका शीटमधून दोन अंक निघतात. म्हणजे चार रंगांना चारच प्लेटा. तीन हजार प्रतींना दीड हजार शीट, तीन रीम. साठ जीएसएमच्या २० गुणिले ३० कागदाची रीम ११.६ किलोची असते, म्हणजे पस्तीस किलोच्या आसपास कागद, वर थोडी वेस्टेज. हा हिशेब तोंडपाठ असला की प्रेसवाला कागदाचा भाव लावताना जपून बोलतो.

मशीन सुरू होताना स्वतः हजर राहा. पहिली रंग जुळलेली प्रत हातात घ्या, घडी घाला आणि पानांचा क्रम बघा. एकनंतर तीन आणि मग दोन, हे आमच्याकडे झालेलं आहे. मग मास्टहेडवरचा महिना आणि अंक क्रमांक बघा, कारण ते मागच्या महिन्याच्या फाइलवरून येतात आणि ते बदलायचे राहतातच.

तारखा आमच्या अशा आहेत: २० ला जाहिराती बंद, २३ ला मजकूर बंद, २५ ला पान लावून तयार, २६ ला प्रूफ, २७ ला प्रेस, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दारात. रविवारच का? कारण आमच्याकडचा माणूस इतर दिवशी सातच्या लोकलला असतो. जाहिरातदार २४ तारखेला येतो आणि "एवढी एक घ्या हो" म्हणतो. पहिली काही वर्षं आम्ही घेत होतो. आता त्याला पुढच्या अंकाची पावती देतो.

अंक गेल्यावर

सोमवारी गिरणीत आणि इस्त्रीवाल्याकडे जाऊन बसा आणि गप्प राहा. कुठल्या पानावर लोक थांबतात ते तिथे दिसतं. आमच्याकडे पहिलं बघितलं जातं वेळापत्रक, मग निधनवार्ता, मग 'हरवले-सापडले'. माझं संपादकीय वाचताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही. ते आता दोनशे शब्दांचं केलं आहे.

शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. १९५४ च्याच एका वेगळ्या कायद्याप्रमाणे वृत्तपत्राची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासारख्या ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते. टपालाचा खर्च आपला. ते कराच. एक प्रत गावातल्या वाचनालयात द्या आणि वर्षाचे बारा अंक बांधून घ्या. फुकटचा कागद कुणी जपत नाही, आणि वीस वर्षांनी तो तलाव कधी बुजवला, त्या शाळेचं मैदान कधी गेलं, हे दैनिकांच्या फाइलींत सापडणार नाही. पहिल्या अंकाच्या तर दहा प्रती छापखान्यातच बाजूला काढून ठेवा. आमच्याकडे पहिल्या अंकाची एकच प्रत उरली आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे.